हजार किलोमीटर झाल्यावर

माझं नाव प्रीतम. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून शिव्या घालाल तेव्हा नाव शोधत बसायला नको. राहणार बोनकोडे, नवी मुंबई. कोपरखैरण्याच्या बिल्डिंगांच्या मधोमध जे मूळचं गाव आहे ना, ते आमचं. आज्याची भातशेती नवं शहर वसवताना गेली, त्याच्या बदल्यात बापाने चार मजले चढवले, खालचे तीन भाड्याने आहेत. म्हणजे मी नोकरी नाही केली तरी उपाशी मरणार नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पोटासाठी केलं असं म्हणायची सोय मला नाही.

सानपाड्याला गाड्यांच्या एका शोरूममध्ये मी सेल्सला आहे, नऊ वर्षं झाली. टेस्ट ड्राइव्ह द्यावी तर प्रीतमने, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणायचे. आता कोणी म्हटलं तर मी उठून बाहेर जातो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीची एक मोठी गाडी आली. तिच्यात गिअरच्या बाजूला एक बटण आहे, त्यावर तीन रेघा. ते दाबलं की गाडीचं सस्पेन्शन बदलतं. स्पोर्ट लावलं तर गाडी रस्त्याला चिकटून पळते, वळणावर झुकत नाही, पण रस्त्यातला खडान्‌खडा बुडाला कळतो. कम्फर्ट लावलं तर तीच गाडी मऊ पडते. खड्डा आला कधी नि गेला कधी, आत बसलेल्याला पत्ता नाही. फक्त हे बटण वरच्या मॉडेलमध्येच येतं. खालच्या मॉडेलमध्ये त्या जागी एक काळं प्लास्टिकचं झाकण असतं. दिसायला बटणासारखंच, मागे वायर नाही, काही नाही.

माझी एक ट्रिक होती. गिऱ्हाइकाला पामबीच रोडला नेणारे येडे, तिथे बैलगाडीपण गुळगुळीत चालेल. मी न्यायचो तुर्भ्याच्या एमआयडीसीत, ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यावर. आधी गुपचूप स्पोर्ट लावायचो आणि दणके खाऊ द्यायचो. माणूस कळवळला की यू-टर्न मारून त्याच रस्त्याने परत, पण आता बटण दाबून कम्फर्टमध्ये. दहातले सात जण तिथेच गाडी घ्यायचे.

रावसाहेबकाका आणि रखमाकाकू आले ते मार्च एंडला. काका अडुसष्टचे, पाटबंधारे खात्यात शिपाई म्हणून लागून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, मूळचे परभणीच्या पुढच्या एका खेड्यातले, आता खांदेश्वरला राहतात. आत आल्या आल्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना हात जोडून जय भीम केला. काकू मागून हळूहळू, कमरेला पट्टा, आणि हातात पिशवी. त्या पिशवीत स्टीलचा तांब्या होता, पाण्याने भरलेला, वर वाटी झाकलेली. मी मनात म्हटलं, आज पिकनिक आहे वाटतं.

तांब्या कशाला ते काकांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी गावी जाताना परभणी स्टेशनपासून पुढे जीपमध्ये काकूंचा मणका दुखावला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, बसा, पण दणके चालणार नाहीत. तेव्हापासून काकू गावी गेल्या नाहीत. आणि यंदा वैशाख पौर्णिमेला गावातल्या नव्या विहाराचं उद्‌घाटन होतं. जागा काकूंच्या वडिलांची, फीत काकूंनी कापायची असं गावाने ठरवलेलं. काकू येणार नसतील तर पुढच्या वर्षी करू, असं गाव म्हणत होतं. काकूंना ते पटत नव्हतं. म्हणून काकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी घ्यायचं काढलं, घराच्या दारातून विहाराच्या दारापर्यंत. आणि काकूंची अट एकच, तांब्या मांडीवर धरून बसेन, पाणी सांडलं नाही तर ती गाडी माझी.

हे सगळं मी ऐकलं होतं. कान देऊन ऐकलं होतं. आणि तरी तुर्भ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी स्पोर्ट लावलं. सवयीने लावलं असं मी स्वतःला सांगायचो. कसली सवय. मणक्याचं ऑपरेशन झालेली बाई मागे बसलीय, आणि मला माझा सीन जमवायचा होता. पहिल्याच दणक्याला पाणी काकूंच्या लुगड्यावर आलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि एक हात कमरेवर नेला, आरशात दिसलं मला. मग मी यू-टर्न मारला, बटण दाबलं, परत आलो. एक थेंब सांडला नाही. काकू तांब्यात बघत राहिल्या, आणि काका लहान पोरासारखे माझ्या खांद्यावर थोपटत होते.

घोळ पुढे झाला. वरच्या मॉडेलला तीन महिन्यांचं वेटिंग, पौर्णिमा पाच आठवड्यांवर. यार्डात त्याच रंगाची खालच्या मॉडेलची एक गाडी उभी होती, आणि माझं वर्षाचं टार्गेट एका गाडीने अडलेलं. वर्षाची एक गाडी कमी विकली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? बोर्डवर माझं नाव दुसऱ्या नंबरला आलं असतं, बास. मी काकांना यार्डात नेलं. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, साहेब, ह्याच्यात ते पाणी न सांडायचं हाय ना? मी म्हणालो, काका, गाडी तीच आहे.

बघा, वाक्य कसं बेतलेलं आहे. गाडी तीच आहे. नाव तेच, रंग तोच, कंपनी तीच. कोर्टात उभं केलं तरी खोटं ठरणार नाही. फॉर्मवर मॉडेल बरोबर लिहिलेलं, खाली काकांची वळणदार सही. मी रात्री शांत झोपलो, हेपण सांगतो.

डिलिव्हरीला हार घातला, नारळ फोडला, चादर ओढली, फोटो काढले. काका पांढराशुभ्र शर्ट घालून आलेले. काकू पुढच्या सीटवर बसल्या, इकडे तिकडे बघितलं आणि गप्प झाल्या. मला वाटलं, भारावल्या.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज खाली आणून बोलत होते, जसं काही त्यांच्याच हातून काही मोडलंय. ते बटण दाबतोय पण दिवा लागत नाही म्हणाले. पुस्तकपण वाचलं, इंग्रजी आहे, जमेल तेवढं वाचलं. आणि मग म्हणाले, "माझंच कायतरी चुकतंय साहेब. आमाला ह्या नव्या गोष्टी जमत न्हाईत. तुमी जरा सांगता का?"

ते झाकण दाबत होते. त्या मागे वायर नसलेल्या प्लास्टिकच्या झाकणावर अंगठा ठेवून तो माणूस चार दिवस दाबत होता, आणि चूक स्वतःची समजत होता. तेव्हा बोलायला हवं होतं. जिभेवर आलं पण होतं. पण बाजूला मॅनेजर सुचिता मॅडम उभ्या, समोर दुसरं गिऱ्हाईक, आणि मी फाडकन थाप मारली. म्हणालो, काका, नवी गाडी आहे, अजून घट्ट आहे. आधी हजार किलोमीटर चालवा, मग ते आपोआप मोकळं होतं.

काका एकदम खूश. म्हणाले, हां हां, रनिंग इन. आमच्या स्कूटरला पण होतं, पहिले हजार किलोमीटर जपून चालवायचं. मला आधी का नाही सुचलं. आणि मलाच थँक्यू म्हणून फोन ठेवला.

मला वाटलं, विसरतील. लोक विसरतात. पण रावसाहेबकाका विसरणाऱ्यांतले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले. जय भीम, सुप्रभात, आणि खाली गाडीच्या मीटरचा फोटो. १६४. २०९. २५५. काकूंना घेऊन जायचं नाही, मोकळं झाल्याशिवाय तिला त्रास नको, म्हणून एकटे निघायचे. खांदेश्वरहून उरण, उरणहून परत. कधी कर्जतकडे. जायला काही काम नाही, तिथे कोणी ओळखीचं नाही. नुसतं जायचं, रस्त्याकडेला चहा प्यायचा, आणि परत यायचं. एप्रिलच्या उन्हात. मागच्या काचेवर त्यांनी कागद चिकटवला होता, सुवाच्य अक्षरात, 'रनिंग इन'. त्याचापण फोटो पाठवला.

मी आधी अंगठा दाखवायचो. मग अंगठा पण बंद केला. मग त्यांचा फोन आला की कापायला लागलो. एकदा तर तिसऱ्यांदा रिंग वाजली तेव्हा माझं डोकं सटकलं आणि मी तोंडाला येईल ते बोललो, की मी काय तुमचा ड्रायव्हर आहे का, रोज रोज काय लावलंय.  मग काका म्हणाले, सॉरी साहेब, तुमच्या कामाच्या टायमाला फोन केला. पुन्हा नाही करणार. आणि खरंच फोन केला नाही. फक्त फोटो यायचा. ४८०.

त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. आई, यशोदाबाई, ताटासमोर बसून माझ्याकडे बघत होती. काय हाय तुला, बरा नाय का, म्हणाली. मी म्हटलं, डोकं दुखतंय. आईसमोर ताटावरून उठलो मी, चाळीस वर्षांचा घोडा, आणि बाथरूमचा नळ सोडून उभा राहिलो. माझी मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. चिडलो तरी कोणावर चिडायचं? चिडायचा हक्क असलेला माणूस सॉरी म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सदूला विचारलं, खालच्या मॉडेलला तो मोड बसवता येईल का. सदू आमचा जुना मेकॅनिक, तो हसायलाच लागला. म्हणाला, भाई, चारी शॉकॲब वेगळे, वायरिंग वेगळं, कंट्रोलचा डबा वेगळा, त्यापेक्षा दुसरी गाडी घे. मग सुचिता मॅडमकडे गेलो, गाडी बदलून देता येईल का विचारायला. त्यांनी फॉर्म काढला, काकांच्या सहीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "तू त्यांना काय सांगितलं होतंस?" मी त्या सहीकडे बघत राहिलो. त्यांनी फॉर्म फाइलला लावला.

म्हणून मी ठरवलं, हजार झाले की काकांना समोरासमोर सांगायचं. आधी का नाही सांगितलं? भ्यायलो, दुसरं काय. नऊशे बारा, नऊशे साठ असे फोटो येत होते आणि मी दिवस ढकलत होतो.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, सकाळी अकराला, गाडी शोरूमच्या दारात आली. काका आणि काकू दोघंही. काकांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. त्यांनी मला हाताला धरून बाहेर नेलं, मीटर दाखवला, १००३, आणि मागच्या काचेवरचा तो कागद माझ्यासमोर काढला. टराटरा फाडला नाही. कडेने नखाने सोडवत सोडवत काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, आधी सगळ्यांचं तोंड गोड करतो, मग तुम्ही तुमच्या हाताने ते मोकळं करून द्या. आणि बॉक्स घेऊन आत गेले.

काकू मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तांब्या. काठोकाठ भरलेला.

मी दार उघडलं आणि वाकून उभा राहिलो. काकू, मला काकांना एक सांगायचंय, असं सुरू केलं. नऊ वर्षं तोंडाच्या जोरावर भाकरी खाल्ली मी, आणि तोंड बंद पडलं. शेवटी एवढंच बोललो, की काकू, या गाडीत तो मोड नाहीये. कधीच नव्हता. मी खोटं बोललो.

काकूंनी माझ्याकडे बघितलं पण नाही. पुढे, गिअरच्या बाजूला, त्या काळ्या झाकणाकडे बघत म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. त्या दिशीच्या गाडीत तिथं तीन रेघा व्हत्या. ह्याच्यात न्हाईत. कंबर गेली माझी बाबा, डोळे न्हाई गेले."

मी विचारलं, डिलिव्हरीच्या दिवशीच कळलं होतं? तेव्हाच का नाही बोललात?

काकू म्हणाल्या, तुम्ही हार घालत होता. ह्यांचं तोंड तुम्ही बघितलं नाही, मी बघितलं. चाळीस वर्षं ऑफिसात दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडून दिलंय त्यांनी.

मग मी म्हटलं, आता तरी मला सांगू द्या. आत्ता येतील ते, पाय धरतो त्यांचे. काय शिक्षा देतील ती देऊ दे.

तेव्हा काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमचं मन हलकं व्हईल," त्या म्हणाल्या. "आन्‌ त्यांचं? हजार किलोमीटर त्यांनी माझ्यासाठी चालवली, एकट्यानी, उनात. ती काय फुकट गेली म्हणून सांगू त्यांना? तुमी गप ऱ्हायचं. मी सांगते म्हणून गप ऱ्हायचं."

एवढं बोलून त्यांनी वाटी बाजूला केली, दाराबाहेर हात काढला आणि तांब्यातलं अर्धं पाणी आमच्या शोरूमच्या कुंडीत ओतलं. पाणी जिरलं तशी वाटी परत झाकली. काचेच्या आत काका सुचिता मॅडमना पेढा देत होते.

काका आले. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, स्क्रीन चालू केला, आतल्या लाइटचा रंग पांढऱ्याचा निळा केला. म्हणालो, झालं काका. कम्फर्ट. काकांनी त्या निळ्या लाइटकडे बघून हात जोडले.

मग तुर्भ्याचा तोच रस्ता. काका म्हणाले तिथेच चला, हिला दाखवायचंय. नऊ वर्षांत मी तशी गाडी चालवली नसेल. दहाच्या स्पीडने. प्रत्येक खड्डा आधी ओळखून, एक चाक वाचवून, दुसरं हळूच उतरवून. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून मेले, एक जण खिडकीतून आईबहीण काढून गेला, मी हूं का चूं केलं नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, एसी चालू असून. आरशात काकू दिसत होत्या. एका हाताने तांब्या धरलेला, दुसरा हात पदराखाली, कमरेवर. गाडी कुठे आदळली की त्या हाताची बोटं पदरातून दिसायची, आवळलेली. तोंड हसरं.

परत आल्यावर काकांनी वाटी उचलून बघितलं. सीट कोरडी, लुगडं कोरडं. तांब्या अर्धाच कसा, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा ते बघायचंच नव्हतं त्यांना, मला माहीत नाही. बायकोला म्हणाले, बघ, मी म्हणलो नव्हतो? माणूस चांगला हाय. मग माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेचनात. त्या दिवशी रागावलात ते बरोबरच होतं, म्हणाले, मीच फार त्रास दिला तुम्हाला.

मी त्यांना म्हटलं, टायरमधली हवा थोडी कमी करून देतो, आणि वाटेत दर तासाला थांबा, काकूंना उतरून चालू द्या. मागच्या सीटवर ठेवायला आमच्या लाउंजमधल्या तीन उशा आणून दिल्या. माझ्या हातून होण्यासारखं तेवढंच होतं.

पौर्णिमेला सकाळी मेसेज आला. विहारासमोरचा फोटो. सगळं गाव उभं आहे, मध्ये काकू, हातात कात्री. नीट बघितलं तर दिसतं, दोन बायकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी काखेत धरलंय. फोटोच्या कडेला गाडीचं तोंड आलंय, हार घातलेलं. खाली काकांनी लिहिलं होतं, "साहेब, साडेपाचशे किलोमीटर, एक थेंब नाही सांडला. परतीला पण तोच मोड ठेवू ना?"

मी फोटो मोठा करून पुन्हा एकदा काकूंचं तोंड बघितलं. मग लिहिलं, हो काका, तोच ठेवा. पाठवल्यावर परत लिहिलं, हळू चालवा.